आधी थर्मोस्टॅट, मग साप

बोआ, म्हणजे विळखा घालणारा बिनविषारी साप, पाळणाऱ्यांच्या पत्रांचा गठ्ठा पुन्हा साचला आहे. प्रश्न तेच : पेटी केवढी, ऊब किती, ओल किती. आणि जवळपास प्रत्येक पत्रात 'दुकानदार म्हणाला' किंवा 'व्हिडिओत बघितलं' हे आहेच. दुकानदार साप विकून मोकळा होतो. साप पुढची वीस-पंचवीस वर्षं तुमच्याकडे राहतो आणि बिघडला की माझ्या तपासणीच्या टेबलावर येतो. तेव्हा एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

प्रश्न : माझा बोआ चार फुटांचा आहे. तीन फुटी फिश टँकमध्ये ठेवला तर चालेल ना? तो दिवसभर वेटोळं घालूनच बसतो. (ठाणे)

चालणार नाही. तुम्हीही थंडीत पाय पोटाशी घेऊन झोपता, म्हणून कोणी तुम्हाला ट्रंकेत ठेवत नाही. सापाला अंग पूर्ण ताणता आलं पाहिजे. सहा फुटांपर्यंत वाढणाऱ्या बोआला ६ × २ × २ फुटांची पेटी ही सुरुवात समजा. चढायला जाड फांदी द्या. लहान वयात बोआ बराच वर चढतो. लपायला दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. एकच दिलीत तर साप ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडतो.

फिश टँकला वरून जाळी असते, तिथून ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात. शिवाय वरून आलेला हात सापाला शिकाऱ्यासारखा वाटतो. सुताराकडून प्लायची पेटी करून घ्या. पुढे सरकत्या काचा लावा, आतून पाण्यावर आधारित व्हार्निश द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन आठवडे उघडी ठेवा. काचेला कुलूप लावा. 'आमचा शांत आहे' म्हणणाऱ्यांचे साप मी शेजाऱ्यांच्या फ्रिजमागून काढलेले आहेत.

प्रश्न : रात्री लाल दिवा लावावा का? (पुणे)

नको. रात्री अंधार हवा.

प्रश्न : इथे थंडी कडक पडते म्हणून दुकानातून हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आणली. ती ऑटोमॅटिक आहे, थर्मोस्टॅट (ऊब ठरलेल्या आकड्यावर रोखणारं यंत्र) लागत नाही, असं सांगितलं. आता सापाच्या पोटावर तपकिरी डाग दिसताहेत. हळद लावू की खोबरेल? (नाशिक)

दोन्ही नको. माणसांचं मलम तर मुळीच नको. मॅटचा प्लग काढा, सापाची खोली दुसऱ्या मार्गानं उबदार ठेवा आणि आजच सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. पुढचं त्यांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत वाचा.

'ऑटोमॅटिक' मॅट म्हणजे काय? प्लग लावला की तापते, काढला की निवते. ऑटोमॅटिक ते इतकंच. थर्मोस्टॅटशिवाय ती किती तापेल हे खोलीवर, वर टाकलेल्या काथ्याच्या थरावर आणि साप किती वेळ तिथे बसतो यावर ठरतं. भाजत असताना साप उठून का जात नाही, असं सगळे विचारतात. त्याच्या अंगात आपल्यासारखी उष्णता तयार होत नाही. खाल्लेलं पचवायलासुद्धा ती बाहेरून मिळावी लागते. थंड पेटीत एकच जागा गरम असेल तर तो तिथेच चिकटून राहतो.

गेल्या हिवाळ्यात एक साडेपाच फुटी मादी आली होती. पोटाचे खवले भाजलेल्या पापडासारखे फुगलेले आणि कडेनं पिवळट पाणी. मालक अकरा दिवस थांबले होते, 'कात टाकायला आली असेल' म्हणून. सापाच्या कातडीवर भाजल्याची खूण उमटायलाच काही दिवस जातात, म्हणजे डाग दिसतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. तिची जखम भरायला चार महिने लागले. थर्मोस्टॅटची किंमत त्या ड्रेसिंगच्या खर्चापुढे काहीच नव्हती.

आता आकडे. ऊब घ्यायच्या जागेचा पृष्ठभाग ३२-३३ अंश, गरम बाजूची हवा २९-३०, थंड बाजू २५-२६. रात्री २३-२४च्या खाली जाऊ देऊ नका. हे आकडे पेटीवर चिकटवायच्या गोल काट्याच्या मीटरवर बघू नका, तो शोभेचा असतो. प्रोब (वायरीच्या टोकाचा सेन्सर) असलेला डिजिटल मीटर दोन्ही टोकांना ठेवा. थर्मोस्टॅटची प्रोब पक्की बसवा. सापानं ती ओढून पाण्याच्या भांड्यात टाकली की थर्मोस्टॅटला वाटतं थंडी आहे, आणि तो मॅट तापवतच राहतो. असा एक साप माझ्याकडे आलेला आहे.

आणखी एक. मॅट फक्त तळ तापवते, हवा नाही. नाशिकच्या डिसेंबरात मोठ्या बोआला वरून ऊब हवी : सिरॅमिक एमिटर (उजेड न देता तापणारा दिवा) किंवा रेडियंट पॅनेल (पेटीच्या छताला लावायची तापणारी पाटी). एमिटरला जाळी घाला, नाहीतर बोआ त्यालाच विळखा घालतो. प्लग लावून तापणारा दगड कोणी विकला असेल तर फेकून द्या. दुसऱ्याला देऊही नका.

प्रश्न : जुलैत हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा मीटर) ९० टक्के दाखवतो. पंख्यानं कमी करू का? आमच्या मित्राच्या एसी खोलीत तर ३५ असतं. (मुंबई)

आधी मीटर खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्यानं ओलसर करा, मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५च्या आसपास दिसलं पाहिजे. ८५ दिसलं तर तुमच्या ९०चे ८० समजा.

बोआला ५५ ते ७० टक्के पुरतं. मुंबईच्या पावसाळ्यात पाणी फवारणं बंद करा, वरची झरोक्यांची जागा मोकळी ठेवा, नारळाच्या काथ्याचा वरचा थर कोरडा राहू द्या. पंख्याचा झोत पेटीवर नको. मित्राला सांगा, मोठं पाण्याचं भांडं गरम बाजूकडे सरकवा आणि काथ्याच्या खालच्या थरात पाणी ओता. झरोके प्लास्टिकनं बंद करून आकडा गाठणं हा मूर्खपणा आहे : कोंदट ओलीत पोटाचे खवले कुजतात आणि फुप्फुसं बिघडतात. तोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज किंवा तोंड उघडं ठेवून बसणं दिसलं तर वाट पाहू नका, दाखवा. देवदाराचा भुसा घालत असाल तर आज काढा.

प्रश्न : डोळे निळसर-दुधी झालेत. आंधळा होतोय का? (कोल्हापूर)

नाही, कात येतेय. हात लावू नका, खायला देऊ नका, ओलसर शेवाळ भरलेला डबा लपायला द्या. कात टाकूनही डोळ्यावर पापुद्रा राहिला तर चिमट्यानं ओढू नका. डॉक्टर काढतील.

प्रश्न : उंदीर गिळला आणि तिसऱ्या दिवशी ओकला. लगेच दुसरा देऊ? (छत्रपती संभाजीनगर)

नको. दोन आठवडे उपास, पाणी मात्र ठेवा. पेटीचं तापमान मोजा; बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो. पुन्हा ओकला तर उंदीर लहान करून बघत बसू नका, तपासून घ्या.

प्रश्न : मे महिन्यात घरात ४० होतं. (नागपूर)

तुमचा प्रश्न गरम करण्याचा नाहीच. थंड बाजू ३०च्या वर जाऊ लागली की पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा, शक्य असेल तर एसीत. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून लावा. साप सुस्त होऊन मान टाकत असेल तर ती गरमीची तातडी आहे, फोन करत निघा.

प्रश्न : शेतात मांडूळ सापडलं. त्याचीही बोआसारखीच पेटी करायची का? (सोलापूर जिल्हा)

नाही. सोडून द्या. मांडूळ, डुरक्या घोणस हे आपल्याकडचे बोआ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते संरक्षित आहेत आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. दोन तोंडं, गुप्तधन, लाखांचे भाव ही सगळी ठगांची भाषा. बोथट शेपटीला तोंड म्हणून विकतात, आणि पटावं म्हणून तिच्यावर खुणाही करतात. कोणी दर विचारला तर वनविभागाला १९२६वर कळवा.

प्रश्न : परदेशी बोआची नोंदणी खरंच लागते? आमचा विक्रेता म्हणतो, कागद नंतर. (पुणे)

लागते. २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत. 'कागद नंतर' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. नेमक्या कागदांसाठी वनविभागाशी बोला, विक्रेत्याशी नाही.

प्रश्न : साप पुढच्या रविवारी आणतोय. पेटी त्याच दिवशी घेतली तर? (रत्नागिरी)

रविवार पुढे ढकला. पेटी आणा, थर्मोस्टॅट जोडा, रिकामीच दोन आठवडे चालवा. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला दोन्ही टोकांचं तापमान आणि ओल वहीत लिहा. वीज गेलेल्या रात्री तर नक्की लिहा, किती तासांत किती उतरलं ते. साप दाखवायला आणाल तेव्हा ती वही सोबत आणा. सापाच्या आधी मी ती बघेन.