क्लबचा इतिहास लिहायचाय ना, मग आधी खर्चाची वही उघड

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला, पण मोबाईलवर एवढं टाईप करायचं म्हणजे माझ्या चष्म्याची परीक्षा, म्हणून आज निवांत बसलोय. कमिटीने आपल्या कनू-कयाक क्लबचा इतिहास लिहायचं काम तुझ्या गळ्यात मारलंय आणि तू विचारतेयस की पदकांची यादी कुठे मिळेल. ऑफिसच्या कपाटात आहे. एका पानात संपते, हसू नकोस.

आणि लाज पण वाटून घेऊ नकोस. या खेळात आख्ख्या देशाची एशियाडमधली पदकांची यादी दोन ओळींची आहे, १९९४ ला हिरोशिमाला सिजी सदानंदन आणि जॉनी रॉमेल यांचं कांस्य, मग थेट २०२३ ला हांगझोऊला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांचं, दोन्ही वेळा तीच १००० मीटरची दोघांची कनू. कनू म्हणजे एक गुडघा टेकून, एकाच पात्याचं वल्हं. बसून दोन्हीकडे पातं मारतात ते कयाक. मागच्या स्मरणिकेत सगळ्याला सरसकट कयाकिंग छापलंय, ते तेवढं सुधार.

बाकी इनुइट लोक सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून शिकारीला जायचे, १८६६ ला लंडनमध्ये कनूचा क्लब निघाला, १९३६ ला बर्लिनपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, हे सगळं एका परिच्छेदात उरक, ते कुठेही मिळतं.

आपलं कुठेच मिळत नाही ते खर्चाच्या वहीत आहे. बोटींची भोकं बुजवायला रेझिन किती, फायबरची मॅट किती, एम-सील कितीदा. आमच्या बोटी सेकंडहँड, उन्हात तडकलेल्या, एक भोक बुजवलं की दुसरीकडून पाणी, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं आम्ही बोटीत कमी आणि बोटीच्या बुडाखाली जास्त होतो, पण आता कोणालाही विचार, सगळ्यांना फक्त वल्हवणं आठवतं.

मग कोळीवाड्यात जा. पहिल्याच दिवशी फोन पुढे धरून रेकॉर्डिंग सुरू करू नकोस, दोनदा नुसती जाऊन बस, चहा पी. आम्हाला ठाण्याची खाडी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी शिकवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आज तिथी कुठली? आम्ही पाचही जण एकमेकांची तोंडं बघत बसलो. तर हिशोब असा, की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. अंदाजच आहे, आत ठाण्याकडे पाणी पोचायला अजून थोडा वेळ लागतो, आणि तुम्ही ॲपवर बघता हे मला माहितीये, तरी हे लिहिलंच पाहिजे.

आणि चिखलाचा किस्सा गाळायचा नाही. कमिटीतले दोघे-तिघे म्हणतील कशाला, क्लबचं नाव खराब होतं. होऊ दे. पौर्णिमा होती, दुपारी भरल्या पाण्यावर आम्ही ऐरोली पुलाखालून फ्लेमिंगो बघायला गेलो आणि बघतच बसलो. उधाण जेवढं चढतं तेवढंच खाली उतरतं हे काकांनी सांगितलेलं, ऐकलेलं, आणि विसरलेलं. साडेचारच्या सुमारास बोटी गाळात बसल्या. एक जण ढकलायला म्हणून उतरला तो मांडीपर्यंत आत. गाळात उभं राहायचं नसतं, आडवं व्हायचं असतं, एवढं एक मला आठवलं, मग त्याला बोटीवर पालथा पाडून एकेक पाय ओढून काढला, त्याची एक चप्पल अजून तिथेच असेल. पुढचे चार तास तिवरांच्या कडेला पाच माणसं, एक पाण्याची बाटली आणि डास किती ते विचारू नकोस. अंधारात कधीतरी बोट हळूच हलली, तो हलका धक्का मला अजून आठवतो. घरी आईने कपडे जिन्यातच काढायला लावले.

निघताना फळ्यावर नाव आणि परतायची वेळ लिहायचा नियम तुम्हा पोरांना जाचतो ना, तो त्या संध्याकाळचा आहे. गळ्यात शिट्टी पण तेव्हापासूनच. असे प्रत्येक नियमामागे काय घडलं ते शोध, निम्मा इतिहास तिथेच सापडेल.

खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली, ते सनावळीसकट टाक, पण वल्ह्याला अडकणाऱ्या पिशव्यांबद्दल पण लिही, त्या यादीत गेल्या नाहीत.

वही ऑफिसात शोधू नकोस, माझ्याकडे आहे, काही पानं पावसात चिकटलीत, ती सावकाश सोडवावी लागतील. येत्या रविवारी दशमी आहे. सकाळची भरती किती वाजता ते तूच काढ आणि त्याच्या अर्धा तास आधी जेटीवर ये, मी वही घेऊन येतो.