सांगलीहून मुंबईला येतोय: ठाणे, डोंबिवली, बदलापूर की खारघर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची बदली लोअर परळला झालीय. शाळा सुरू व्हायच्या आत सांगलीहून बिऱ्हाड हलवायचंय. मुलगी पाचवीत जाणार, मुलगा साडेतीन वर्षांचा, सासूबाईही बरोबर येणार. भाड्याला पंचवीस हजारांपर्यंत जमेल. राहायचं कुठे?

माझं मत आधीच सांगून टाकते. डोंबिवली पूर्व, आणि तीही स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतली. ही दुसरी अट पाळता येणार नसेल तर पहिलं मत विसरलात तरी चालेल.

आम्ही मिरजेचे. २०१४ साली तुमच्यासारखेच आलो, त्यामुळे हे सगळं अंगावर निघालेलं आहे. तेव्हा आम्हीही नकाशा पसरून 'ठाणे की डोंबिवली' करत बसलो होतो. एजंटने एक फ्लॅट दाखवला, कल्याण-शीळ रस्त्यावर, काटई नाक्याच्या बाजूला. अकरावा मजला, टू बीएचके, लिफ्ट, बाग, खाली मुलांना झोपाळे. भाडं स्टेशनजवळच्या जुन्या घरांपेक्षा कमी. पत्त्यात 'डोंबिवली पूर्व' लिहिलेलं होतं आणि एजंट म्हणाला, "स्टेशन पंधरा मिनिटं." रविवारी दुपारी दोन वाजता त्याच्या गाडीतून खरंच पंधरा मिनिटं लागली. आम्ही खूश. त्याच संध्याकाळी टोकन दिलं.

मग जुलै आला. एका संध्याकाळी मुलीला ताप भरला, घरी सासूबाई एकट्या. मी ठाण्याला नोकरीला होते, मला त्या दिवशी निघायलाच उशीर झालेला. नवरा दादरहून फास्ट लोकल पकडून तासाभरात डोंबिवलीला उतरला. स्टेशनबाहेरच्या इंदिरा चौकात शेअर रिक्षाची रांग थेट जिन्यापर्यंत आलेली, पाऊस धो धो, आणि रिक्षावाले मानपाडा रोड तुंबलाय म्हणून पुढे यायला तयार नाहीत. दादर ते डोंबिवली हे चाळीसेक किलोमीटर एका तासात, आणि पुढचे सहा-सात किलोमीटर पावणेदोन तासांत! तोपर्यंत सासूबाई फोनवर मला विचारतायत, "सिरप किती चमचे?" आणि मी लोकलच्या दारात उभी राहून ओरडून सांगतेय. मुलगी सकाळपर्यंत बरी झाली. आम्ही मात्र त्या आठवड्यात घर बदलायचं ठरवलं, आणि करारातला लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, संपेपर्यंत दात-ओठ खात थांबलो.

म्हणून म्हणते, उपनगराचं नाव बघू नका, स्टेशनपासूनचं शेवटचं अंतर बघा. स्टेशनालगतचा नौपाडाही ठाणेच आणि घोडबंदर रोडच्या टोकाचं गायमुखही ठाणेच. टिळकनगरही डोंबिवली आणि काटईही डोंबिवली. लोकल उशिरा येईल, गर्दीची असेल, पण ती कुठे जाते आणि साधारण कधी पोचते हे कळतं. रस्त्याचा काही भरवसा नाही.

आता तुमच्या चारही पर्यायांचं सांगते.

ठाणे. पैसा असता तर मी डोळे झाकून नौपाडा, पाचपाखाडी म्हटलं असतं. दादर फास्टने अर्ध्या तासावर, शाळा चांगल्या, गडकरी रंगायतन आणि तलावपाळी पायाखाली. पण पंचवीस हजारांत तिथे जुन्या इमारतीतलं वन बीएचके मिळेल, आणि पाच माणसांत सासूबाई रोज हॉलमध्ये झोपणार. त्याच पैशांत टू बीएचके हवं म्हणालात की एजंट तुम्हाला घोडबंदर रोडला नेणार. तिथल्या इमारती देखण्या, मागे येऊरचा डोंगर, हवा छान. पण रोज सकाळ-संध्याकाळ त्या एकाच रस्त्यावर अख्खं शहर असतं, कित्येक वर्षं मेट्रोचं काम चालू आणि गुजरातकडची अवजड वाहनंही तिथूनच. शिवाय पाणी. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांना टँकर घ्यावे लागतात. घर बघायला गेलात तर बाल्कनी नंतर बघा, आधी वॉचमनला विचारा, "मे महिन्यात टँकर किती येतात?" वॉचमन खोटं बोलत नाही, त्याला घर विकायचं नसतं.

खारघर. सिडकोने आखलेलं असल्यामुळे रस्ते रुंद, फुटपाथ चालण्यासारखे, सेंट्रल पार्क आहे, पावसात डोंगरावरचा पांडवकडा धबधबा दिसतो. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही सुरू झालीय, तिचा आतल्या सेक्टरवाल्यांना उपयोग होतो. सांगलीला जाणाऱ्या बसेस तर दारावरूनच, कळंबोलीला एक्स्प्रेस वे सुरू होतो. तुमच्या मिस्टरांचं ऑफिस बेलापूर, वाशी, ऐरोली असं कुठे असतं तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. पण लोअर परळसाठी हार्बरने कुर्ल्याला यायचं, जिना चढून सेंट्रलवर जायचं आणि तिथून स्लो पकडून करी रोडला उतरायचं. कुर्ल्याचा तो पूल सकाळी पावणेनऊला एकदा बघा, मग ठरवा. उन्हाळ्यात खारघरमध्येही पाण्याची ओरड असतेच.

बदलापूर. भाडं सगळ्यात कमी, घर सगळ्यात मोठं, हवा सगळ्यात चांगली. माझी धाकटी जाऊ तिथे राहते आणि सुखी आहे, कारण तिचा नवरा अंबरनाथला कामाला आहे. लोअर परळला जाणाऱ्याने एका बाजूचा दीड-पावणेदोन तास धरावा. कल्याणला लाइन फुटते, एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे. त्यामुळे बदलापूरच्या वाट्याला येणाऱ्या गाड्या कल्याण-डोंबिवलीपेक्षा बऱ्याच कमी. एक चुकली की पुढचीला लटकायचं. आणि सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, उल्हास नदी आहे. २०१९ च्या जुलैत आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारभर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या गाडीत आमच्या मिरजेच्या गल्लीतले दोघे होते. पुढच्याच महिन्यात तुम्ही सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेलेली पाहिली असेल. त्याच धास्तीने इथेही नदीकाठची घरं बघा. तळमजला तर नकोच, आणि २००५ आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते किराणा दुकानदाराला विचारा.

आता डोंबिवली. तिचं कौतुक करते म्हणून ती स्वच्छ-सुंदर आहे असं समजू नका. फुटपाथ नावालाच, फेरीवाले स्टेशनच्या तोंडाशी, रस्ते दर पावसाळ्यात जातात. एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांचा वास काही रात्री खिडकी लावायला लावतो. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट तिथे झाले, पहिल्याच्या वेळी लांबच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. त्यामुळे एमआयडीसीच्या निवासी विभागातले टुमदार बंगले बघून भुलू नका. कारखान्यांपासून लांब, म्हणजे टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर, गोग्रासवाडी असं बघा. जमलंच तर स्टेशनची पश्चिम बाजूही पाहा, तिथे आमच्या ओळखीत काहींना जरा स्वस्त मिळालंय.

गर्दीचंही खरं सांगते. सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीत फास्ट लोकलमध्ये शिरणं हे कसब आहे, आणि ते यायला दोनेक महिने लागतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी पडले आणि त्यात माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: फक्त दारातच जागा असेल तर ती गाडी सोडून द्यायची. नवरा रिटर्न येतो, म्हणजे आधी उलटा कल्याणला जातो, तिथे जागा पकडतो आणि त्याच गाडीने परत डोंबिवलीवरून पुढे. त्यात वीस मिनिटं जास्त जातात, पण बसून जातो. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्याही आहेत. येताना परळहून सुटणारी लोकल मिळते का ते बघायला सांगा, २०१९ मध्ये परळ टर्मिनस झाल्यापासून ती सोय आहे. साहेबांशी बोलून साडेनऊच्या जागी साडेदहाची वेळ मिळाली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

मग इतकं असूनही डोंबिवली का? कारण नवरा घरी असणार फक्त झोपायला. दिवसभर तिथे राहणार तुम्ही, मुलं आणि सासूबाई. काटईच्या अकराव्या मजल्यावर माझ्या सासूबाई वर्षभर शीळ रस्त्यावरचे ट्रक मोजत बसायच्या. विरजण मागायला शेजारी गेल्या तर दार उघडलंच नाही, आतून फक्त "कोण?" आलं. टिळकनगरच्या जुन्या इमारतीत सामान अजून खोक्यांत होतं तेव्हाच समोरच्या काकू वाटी घेऊन आल्या, "विरजण आहे का हो थोडं?" (दोन दिवसांत त्यांनी आमचं गाव, पगार आणि आडनावावरून बाकीचंही सगळं विचारून घेतलं. हा जुन्या वस्तीचा कर आहे, भरावा लागतो.) आता सासूबाई सकाळी गणेश मंदिरात जातात, येताना फडके रोडवरून भाजी आणतात, आणि पाडव्याच्या शोभायात्रेच्या तयारीला माझ्याआधी हजर असतात. ही यात्रा १९९९ मध्ये याच मंदिरातून सुरू झाली, मग बाकीच्या शहरांनी उचलली. सांगलीच्या माणसाला नाटक लागतंच, त्यासाठी सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आहे.

मुलीचं पाचवीत जाणं तुमच्या पथ्यावर पडेल. मराठी माध्यमाच्या बऱ्याच माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळे तिथे नवीन प्रवेश होतात. सहावी-सातवीत आलेल्या मुलाला जागा मिळणं अवघड जातं. डोंबिवलीत टिळकनगर विद्यामंदिर, ठाण्यात बेडेकर विद्यामंदिर ही मला माहीत असलेली नावं. सेमी इंग्रजीची तुकडी आहे का तेवढं विचारा. सांगलीच्या शाळेतून दाखला घेताना शाळांच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरूनही नाव पुढे पाठवायला सांगा, आमचं ते राहिलं होतं आणि दिवाळीपर्यंत खेटे घातले. धाकट्याच्या बालवाडीचे प्रवेश मात्र आधीच्या हिवाळ्यातच सुरू होतात. नावाजलेल्या ठिकाणी आता जागा नसेल. गल्लीतल्या बालवाडीत घाला, काही बिघडत नाही.

भाड्याचं दोन शब्दांत. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करावीच लागते, ती ऑनलाइन होते, मालक "नोटरी करू" म्हणाला तर ऐकू नका. लॉक-इन सहा महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नका, आमचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. जुनी इमारत असेल तर दोन गोष्टी विचारा: महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत नाव आहे का, आणि पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का. मालक ठरल्यावर सह्या करतो, पण घर भाडेकरूला सोडावं लागतं, तेही ऐन परीक्षेत.

विकत घ्यायची घाई पहिली दोन वर्षं करूच नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नंबर मिळवला होता. उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या तेव्हा आत माणसं राहत होती, कर्जाचे हप्ते भरत होती. नंबर दिसला की झालं, असं आपल्याला वाटतं. परवानगीचा कागद घेऊन स्वतः पालिकेच्या नगररचना विभागात जावं लागतं.

आता कामाचं. घर बघायला रविवारी येऊ नका. रजा टाकून मधल्या वारी या. सकाळी मिस्टरांना आठच्या लोकलमध्ये एकदा चढू द्या, संध्याकाळी साडेसातला तुम्ही दोघं स्टेशनला उतरून त्या घरापर्यंत चालत जा. एजंटच्या गाडीत बसू नका. सासूबाईंना आणता आलं तर आणा आणि जिने चढायला सांगा, माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या मजल्याला "चालेल" म्हटलं होतं, दुसऱ्या महिन्यात गुडघे धरले. आम्ही मग त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर उतरलो.

आणि येताना महालक्ष्मीने आलात तर कल्याणलाच उतरा. दादरपर्यंत जाऊन सामानासकट उलटं यायची गरज नाही.