पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३६ मिनिटांचा आणि लग्न लागतं दीडला. मग मुहूर्त काढायचाच कशाला, असा तुमचा प्रश्न.

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे, की गुरुजींना दक्षिणेशी मतलब, वेळेचं त्यांना काय. त्या ओळीसाठी लिहायला बसलो. एरवी हंगामात मला फोन उचलायला सवड नसते.

मी लग्नं लावतो. वडील लावत, आजोबा लावत. सांगली, मिरज, इचलकरंजी हा आमचा पट्टा. दाट तिथीला दोन कार्यं असतात, एका गावी सकाळी दहाचं, दुसऱ्या गावी साडेबाराचं. पहिलं पाऊण तास लांबलं की दुसऱ्या मांडवात माझ्या नावानं शिमगा सुरू होतो. तेव्हा लग्नाला उशीर होऊ नये असं त्या अख्ख्या कार्यालयात ज्याला सगळ्यात जास्त वाटतं तो माणूस सोवळं नेसून बोहल्याजवळ उभा असतो, हे आधी समजून घ्या.

उशीर मुलाकडचे करतात. राग आला तर येऊ दे. रस्त्यात गर्दी होती, गाडी पंक्चर झाली, कलवऱ्यांचं आवरलं नव्हतं, ही सगळी कारणं मी ऐकलेली आहेत. गंमत अशी की तीच माणसं सकाळी कोल्हापूरहून सुटणारी रेल्वे बरोबर पकडतात. लग्नात मात्र त्यांना ठाऊक असतं की आपल्यावाचून काही सुरू होणार नाही. ज्याला चारशे माणसं ताटकळत ठेवता येतात तो मोठा, असा तो हिशेब. मुलीचा बाप हात जोडून दारात उभा, त्याला एक शब्द बोलता येत नाही. आचाऱ्याचा भात निवतो, वाढपी बायका कमरेला पदर खोचून भिंतीला टेकतात, त्यांना संध्याकाळी दुसऱ्या कार्यालयात जायचं असतं. गोळी घेऊन आलेले मधुमेही आजोबा खिशातली गोळीबिस्किटं शोधतात. या सगळ्यांचा वेळ कुणाच्या खात्यावर पडतो ते कुठल्याच याद्यांत लिहिलेलं नसतं.

आता ते १२:३६. पुष्कळांना वाटतं गुरुजी तोंडाला येईल तो आकडा सांगतात. तुमच्या १२:३६ चं कारण बहुधा अभिजित मुहूर्त. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पंधरा भाग करायचे, त्यातला मधला, म्हणजे आठवा. मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे मिळून साधारण ४८ मिनिटं. बुधवार तेवढा टाळतात. आणि मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, सांगली साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरा, आमच्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला. फेब्रुवारीत आणखी पंधराएक मिनिटं उशिरा. नागपूरला तोच जवळजवळ अठरा मिनिटं आधी येतो, म्हणून पुण्यात काढलेली वेळ नागपूरच्या कार्यालयात जशीच्या तशी चालवणाऱ्यांना मी परत पाठवतो. मुंबईनं तर १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही १९५५ पर्यंत स्वतःची मुंबई टाइम ३९ मिनिटं मागे चालवली. आजची लग्नं अजून त्याच टाइमावर लागतात असं आमचे वडील म्हणायचे.

मुख्य गोष्ट वेगळीच सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मिरज रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न होतं. मी मुलीकडून. मुलाकडून आमचे दादा. दादा म्हणजे माझे सख्खे चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या खुर्चीला माइकशिवाय ऐकू जावं. मुहूर्त १२:३६. मुलीची आजी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, आजीचे वडील जोशीपण, म्हणजे पंचांग बघायचं काम, करायचे. तिनं माहेरचं घटिकापात्र जपून ठेवलेलं. तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढं भोक. पाण्यावर ठेवली की चोवीस मिनिटांत भरून बुडते. भोकात क्षार धरले की घटका लांबते, म्हणून आजींनी आदल्या दिवशी ते चिंचेनं घासून, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर दोनदा तपासून आणलं होतं. मला म्हणाल्या, "गुरुजी, मी पस्तीस वर्षं शाळेची घंटा चुकवलेली नाही. नातीचं लग्न वेळेवर लावून द्या, बाकी मला काही नको."

बारा वाजले. नवरदेवाची परण्या, म्हणजे मांडवाकडं येणारी मिरवणूक, मारुतीच्या देवळातून निघून अर्धा तास झालेला, आणि कार्यालयापासून शंभर पावलांवर अडकलेली. पुढं बेंजो, पोरं उन्हात नाचताहेत, नवरदेव घोड्यावर. मी उपरणं डोक्यावर घेऊन रस्त्यावर गेलो. बेंजोचा मास्तर ओळखीचा. त्याला पुढची सुपारी होती. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "गुरुजी, सव्वाबाराला सोडतो म्हणून ठरलं होतं. थांबवलं की पोरं अंगावर येतात." मी म्हटलं, माझं नाव सांग आणि थांबव. त्यानं थांबवलं.

जो गलका झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. मुलाचे काका माझ्या तोंडासमोर बोट नाचवत होते. पण नवरदेव स्वतःच घोड्यावरून उतरला. मेच्या उन्हात शेरवानी, फेटा, मुंडावळ्या, घामानं डोळे चुरचुरताहेत. कुणाकडं न बघता मला म्हणाला, "चला गुरुजी," आणि तरातरा चालत आत गेला. बाकीच्यांना मागनं यावंच लागलं.

बारा वाजून बारा मिनिटांनी घटिकापात्र पाण्यावर सोडलं. सगळी लहान पोरं त्या घंगाळाभोवती गोळा. १२:२७ ला मंगलाष्टकं सुरू केली. हे काम लोकांना गाणं वाटतं, खरं तर ते वेळेचं काम आहे. एका कडव्याला मिनिटभर लागतं, चालीत म्हटलं तर दीड. मुलीच्या मावशीनं स्वतः रचलेली पाच कडवी आणली होती, त्यात आजोळच्या सगळ्यांची नावं गुंफलेली आणि शार्दूलविक्रीडित वृत्ताचे हातपाय मोडलेले. मी दोन म्हणू दिली, तिसऱ्याच्या आधी माइक काढून घेतला. माझं शेवटचं चरण आणि वाटी बुडायला एक गाठ पडली. आजींनी हात वर केला, अंतरपाट खाली, अक्षता, ताशा. घड्याळात १२:३६.

आणि कार्यालय अर्धं रिकामं.

एकला दहा कमी असताना कराडहून मुलाच्या आत्याबाईंची मिनीबस आली. तीस माणसं. बोहल्यावर हार घातलेली जोडी बघून आत्याबाई दारातच मटकन बसल्या. "भाच्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला आले, मला थांबले नाहीत," म्हणाल्या. त्यांना दादांनीच फोनवर सांगितलं होतं, की १२:३६ छापलंय म्हणजे एकच्या आत काही होत नाही, सावकाश या. आता मंगलाष्टकं परत म्हणा, असा आग्रह सुरू झाला. व्हिडिओवालाही त्यांच्यात सामील, कारण पहिल्या वेळी तो ड्रोन घेऊन बाहेर परण्या टिपत होता.

मी नाही म्हटलं. लागलेलं लग्न परत लावता येत नाही.

दादांनी लावलं. जोडीच्या गळ्यातले हार काढले, अंतरपाट पुन्हा धरला, सगळी मंगलाष्टकं पहिल्यापासून, मावशीच्या पाचही कडव्यांसकट, आणि आत्याबाईंनी डोळे पुसत अक्षता टाकल्या. मी तोवर आजींच्या शेजारी बसून जेवून घेतलं. जिलेबी उत्तम होती. त्या लग्नाची चित्रफीत आजही त्यांच्या घरी आहे, तिच्यात मी कुठंही नाही.

त्या दिवसापासून दादांचा आणि माझा वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, लोक यायचे तेव्हाच येणार, तेव्हा पत्रिकेत अर्धा तास आधीची वेळ छापावी, म्हणजे खऱ्या वेळेला सगळे जमतात. वर ते श्लोक तोंडावर फेकतात, तदेव लग्नं सुदिनं तदेव. ज्या क्षणी लक्ष्मीपतीचं स्मरण होतं तोच क्षण लग्न, तोच शुभ दिवस, ताराबळ तेच, चंद्रबळ तेच. मग तू मिनिटं कसली मोजतोस?

श्लोक बरोबर आहे. पण तो कुणासाठी आहे? सगळं वेळेवर करूनही काही उणं राहिलं असेल त्याची भरपाई म्हणून तो शेवटी म्हणायचा. उन्हात पाऊण तास नाचणाऱ्यांना त्या पाऊण तासात लक्ष्मीपती आठवला असेल, तर मी आजच पंचांग विकून टाकतो.

आणि ती अर्ध्या तासाची खोटी वेळ. दादांनी ती सुरू केली तेव्हा पहिल्या हंगामात चालली. मग लोकांना कळलं. आता पत्रिकेत १२:०६ दिसलं की माणूस मनात म्हणतो, म्हणजे पाऊण, म्हणजे एकला निघू. मग पुढल्या वर्षी ११:५० छापा. याला शेवट कुठं? शिवाय या हिशेबात फसतो कोण? छापलेल्या वेळेवर विश्वास ठेवणारा. परगावचा, म्हातारा, एसटीनं आलेला, आणि पहिल्यांदाच बोलावलेला. जो वेळेवर येतो त्यालाच शिक्षा करणारी ही रीत आहे, आणि ती काढणाऱ्याला आमच्यात हुशार म्हणतात.

तुम्ही सल्ला मागितलेला नाही, पण घरात कार्य असेल तर ऐका. खरी वेळ छापा आणि गुरुजींना विचारून छापा. तिच्याखाली जेवणाची वेळ छापा, लोक तिच्यावर येतात. बेंजोवाल्याचे पैसे मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधीपर्यंतचेच ठरवा आणि हे मुलाच्या मित्रांना त्याच्यादेखत सांगा. नवरदेव तासभर आधी कार्यालयाच्या आवारात पाहिजे, नाचायचं तर आवारात नाचा. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या नातेवाइकांची नावं आदल्या रात्री ठरवा, माणशी एक कडवं. आणि एकदा तरी अर्धं रिकामं कार्यालय असताना लग्न लावून दाखवा. त्या घरातल्या पुढच्या कार्याला माणसं दहा मिनिटं आधी खुर्चीत असतात, हे मी पाहिलेलं आहे. त्याच आत्याबाई धाकट्या भाच्याच्या लग्नाला नाश्त्याच्या आधी हजर होत्या. दादा हे कधी सांगणार नाहीत.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे १२:३६ ऐवजी १२:४० झालं तर आभाळ कोसळत नाही. लग्नराशी, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, सरासरी दोन तास असते, तिचा नवमांश, म्हणजे नववा भाग, तेरा-सव्वातेरा मिनिटांचा. शहाणा गुरुजी त्याच्या मधली वेळ देतो, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-सहा मिनिटं हातात राहतात. ती माझ्या चुकीसाठी आहेत, पोरांच्या नाचासाठी नाहीत. दुसरं, अक्षता पडल्या की लग्न झालं असं लोक धरून चालतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे सप्तपदीचा विधी असेल तिथं सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो, आणि ते पाऊल पडतं तेव्हा तुम्ही मठ्ठा पीत असता. तिसरं, खरोखर अडचण आली, कुणाला चक्कर आली, घाटात वाहतूक तुंबली, तर मी स्वतः थांबतो, थांबलेलो आहे. आणि मुलाकडच्यांना मी जे वर बोललो त्यात चांगली घरंही भरडली गेली असतील, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

मुहूर्त काढायचाच कशाला, हे तुमचं मूळ विचारणं. मानत असाल तर काढा आणि पाळा. मानत नसाल तर काढू नका, पत्रिकेत सरळ 'दुपारी साडेबारा' छापा, मी तसंही लग्न लावून देतो, दक्षिणा तेवढीच. मानायचं नाही, पाळायचं नाही आणि मिनिटं मात्र छापायची, या तिसऱ्या तऱ्हेशी माझं भांडण आहे.

दादांच्या धाकट्या मुलीचं लग्न पुढल्या महिन्यात आहे. पत्रिका परवा आली, तिच्यात १२:०१ आहे. पंचांग माझ्याकडंही असतं, खरी वेळ मी काढून ठेवली आहे. बाराला पाच कमी असताना मी जाऊन पहिल्या रांगेत बसणार, शेजारच्या दोन खुर्च्यांवर आमची मंडळी आणि धाकटा. दादांनी विचारलं तर पत्रिका दाखवीन.