कृष्णद्रव्य म्हणावं की अदृश्य द्रव्य?

प्रश्न असा आहे : डार्क मॅटरला, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं अशा विश्वातल्या गोष्टीला, कुणी कृष्णपदार्थ म्हणतं, कुणी कृष्णद्रव्य, कुणी अदृश्य वस्तुमान. यातलं योग्य कोणतं? आणि कृष्णविवरातला ‘कृष्ण’ तो हाच का?

वस्तुमान नको. ती मोजायची राशी आहे, किलोग्रॅममध्ये सांगतात ती. मॅटरसाठी शालेय पुस्तकांतून ‘द्रव्य’ रुळला आहे, तोच घ्यावा.

खरा पेच ‘कृष्ण’चा आहे. कृष्णविवराला तो चपखल बसतो, कारण तिथे आत गेलेला प्रकाश परत येत नाही. डार्क मॅटरची गोष्ट निराळी. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा या दीर्घिकासमूहाबद्दल (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी) जर्मनमध्ये लिहिताना ‘डुंकले मातेरी’, म्हणजे ‘अंधारं द्रव्य’, म्हटलं. तिथल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहिल्याच नसत्या. म्हणजे न प्रकाशणारं द्रव्य बरंच असलं पाहिजे. हा कृष्णपक्षातला ‘कृष्ण’ झाला : आहे, पण उजळलेलं नाही. मात्र अमावस्येचा चंद्र सूर्याच्या आड येऊन ग्रहण लावू शकतो. या द्रव्यातून प्रकाश सरळ आरपार जातो, फक्त गुरुत्वाकर्षणामुळे वाकतो. काळं काहीच नाही, म्हणून मला ‘अदृश्य द्रव्य’ अधिक पटतो. ते कोणत्या कणांचं बनलं आहे, हे प्रयोगशाळांना अजून सापडलेलं नाही.

डार्क एनर्जीला मात्र ‘अदृश्य’ लावू नये. दिसणारी ऊर्जा वेगळी काढता येईल असं तिथे काही नाही. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय असं आढळलं, आणि त्यामागच्या अज्ञात कारणाला हे नाव मिळालं. इथे ‘डार्क’ म्हणजे निव्वळ ‘न उलगडलेलं’. विश्वातल्या एकूण द्रव्य-ऊर्जेच्या हिशेबात हिचा वाटा सुमारे ६८ टक्के, अदृश्य द्रव्याचा २७ आणि आपल्या ओळखीच्या अणूंचा जेमतेम ५, म्हणून नावाबद्दल काटेकोर राहणं मला महत्त्वाचं वाटतं. आइनस्टाइन यांनी १९१७ साली आपल्या समीकरणांत घातलेला, कधीही न बदलणारा वैश्विक स्थिरांक तो हाच, असं बरेच जण मानत आले. पण दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या, अमेरिकेत ॲरिझोनातल्या ‘डेसी’ उपकरणाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांवरून ही ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी असा संशय बळावला आहे. पुरावा अजून निर्णायक नाही. तोवर ‘कृष्ण ऊर्जा’ हेच चालू द्यावं, फक्त पहिल्या उल्लेखात ‘स्वरूप अज्ञात असलेली’ एवढं जोडावं.