वाचकांचे प्रश्न : चांदण्यांचा तक्ता का फसतो?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून मोठ्या शिशुवर्गात आहे. त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणे, स्थिर बसणे आणि उतावळेपणा आवरणे अवघड जाणारी अवस्था) असल्याचे निदान झाल्यावर मी बक्षिसांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. वेळेवर उठणे, दात घासणे, दप्तर भरणे, भांडण न करणे, अभ्यासाला बसणे आणि शहाण्यासारखे वागणे अशा सहा गोष्टी त्यात आहेत. आठवड्यात तीस चांदण्या जमल्या, तर रविवारी बागेत सायकल चालवायला न्यायचे, असे ठरले होते. सुरुवातीचा उत्साह लवकरच ओसरला आणि एकदा चांदणी काढून घेतल्यावर त्याने तक्ताच फाडला. ही मुलाला लाच देण्याची सवय आहे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. तक्ता बंद करावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : बंद करू नका, पण नव्याने मांडा. तुमच्या तक्त्यातली मोठी अडचण रविवार ही आहे. एडीएचडी असलेल्या मुलांना उशिरा मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा आत्ता हातात पडणाऱ्या लहान बक्षिसाची ओढ इतर मुलांहून अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे; सोमवारी दात घासणाऱ्या मुलाला रविवारची बाग दिसतच नाही. म्हणून काम झाल्या झाल्या चांदणी त्याच्या हातात द्यावी, ती त्यालाच चिकटवू द्यावी आणि त्याच संध्याकाळी तिचे बक्षीस मिळावे.

दुसरी अडचण कामांच्या यादीत आहे. ‘भांडण न करणे’ ही गोष्ट नेमकी कोणत्या क्षणी पूर्ण होते आणि चांदणी केव्हा द्यायची, हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही. ‘शहाण्यासारखे वागणे’ म्हणजे काय, हे तर मुलाला मुळीच कळत नाही. सध्या दोनच कामे ठेवा, तीही डोळ्यांना दिसणारी, आणि त्यांतले एक त्याला बहुतेक दिवशी जमणारे असावे, म्हणजे पहिल्याच दिवशी चांदणी मिळेल. ‘दप्तर भरणे’ हे काम फोडून ‘डबा आणि पाण्याची बाटली दप्तरात ठेवणे’ असे करा, शेजारी डब्याचे चित्र काढा आणि चांदणी देताना नुसते ‘शाब्बास’ न म्हणता ‘डबा तू आपणहून ठेवलास’ असे नेमके सांगा.

मिळालेली चांदणी काढून घेऊ नये. काही वर्तनोपचारांत गुण वजा करण्याची पद्धत आहे हे खरे, परंतु इतक्या लहान वयात, आणि तक्ता रुजण्याआधीच ती वापरली की मुलाला कमाईवर भरवसा वाटेनासा होतो. त्याने तक्ता फाडला याचे मला नवल वाटत नाही.

बक्षिसे विकतची नसावीत. आजीबरोबर सापशिडीचा एक डाव, बाबांबरोबर थोडा वेळ क्रिकेट, कणकेचा गोळा घेऊन स्वतःची छोटी पोळी लाटणे, रात्रीची गोष्ट कोणती ते त्याने ठरवणे, अशी चार-पाच बक्षिसे त्याच्याशी बोलून ठरवा आणि त्यांतली गोडी कमी होताना दिसली की बदला. या मुलांचे मन एकाच गोष्टीवरून लवकर उडते, तेव्हा बदल करावा लागणे हे तक्ता फसल्याचे लक्षण समजू नका. बागेतली सायकल मात्र बक्षिसांतून काढा. अशा मुलाला धावपळ रोजच हवी आणि ती चांदण्यांवर अवलंबून असू नये.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. दुकानात मूल आडवे पडल्यावर ‘गप्प बस, चॉकलेट देते’ म्हणणे ही लाच, कारण तिथे मिळते ते हट्टाचे फळ. तक्त्यातले बक्षीस आधी ठरते आणि काम झाल्यावरच मिळते. हा फरक समजावण्यापेक्षा रोज संध्याकाळी चांदण्या मोजण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवणे अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, चार वर्षे पूर्ण झालेल्या पण सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी पहिला उपाय म्हणजे पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण देणे हा आहे. तक्ता हा त्या प्रशिक्षणाचा एक छोटा भाग आहे, त्यामुळे बालमानसतज्ज्ञांकडे असे प्रशिक्षण मिळते का, हे अवश्य विचारा.

प्रश्न : धाकट्याला एडीएचडी असल्यामुळे आम्ही तक्ता लावला, तर नऊ वर्षांची मुलगी विचारते, “मी रोजच दप्तर भरते, मग मला चांदणी का नाही?” — एक वाचक, नाशिक

उत्तर : तिचा प्रश्न रास्त आहे. ‘तू मोठी आहेस’ एवढे सांगून तो उडवून लावू नका. तिला तिचा वेगळा तक्ता द्या, त्यात तिला स्वतःला अवघड वाटणारे एखादे काम घ्या आणि बक्षीसही तिच्या आवडीचे ठेवा. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी लावू नयेत, दोघांच्या चांदण्यांची तुलना करू नये आणि पाहुण्यांसमोर तर त्यांचा विषयही काढू नये.