थायलंडमध्ये इंग्रजी शिकवताना तिथल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायला मिळतात का? कॅमेरा कोणता न्यावा?

तुमचं बी.एड. झालंय, थायलंडला इंग्रजी शिकवायला जायचं घाटतंय आणि फोटोंचा नाद आहे. वेळ मिळेल का, लोक फोटो काढू देतील का आणि कॅमेरा कोणता नेऊ, असं विचारलंत. मी मे २०१७ ते मार्च २०१९ अशी दोन शैक्षणिक वर्षं ईशान्य थायलंडमध्ये, म्हणजे इसान भागात, उबोन राचथानी प्रांतातल्या एका लहान गावच्या सरकारी शाळेत शिकवत होते. त्यावरून सांगते.

कॅमेऱ्याचं आधी उरकते, कारण त्यात फार काही नाही. माझ्याकडे सेकंडहँड फुजीफिल्म एक्स१००टी होता. एकच लेन्स, तीही बदलता न येणारी, झूम नाही. जवळ गेल्याशिवाय फोटो मिळत नाही, आणि जवळ गेलं की बोलावंच लागतं. भलामोठा झूम गळ्यात अडकवून बाजारात गेलात तर तुम्ही गावातल्या मास्तर किंवा बाई उरत नाही, पर्यटक होता. एक मात्र न्याच, सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा. मी रत्नागिरीची, बुरशी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको, तरी पहिल्याच पावसाळ्यात कॅमेऱ्याचा चामडी पट्टा हिरवा झाला. आणि एसीच्या स्टाफरूममधून बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटांत आपोआप जाते.

कागदपत्रांचंही दोन ओळींत. नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, त्यावर वर्क परमिट, आणि तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी. भारतीय पासपोर्टला तिथे ‘नेटिव्ह स्पीकर’ धरत नाहीत, त्यामुळे टोइक वगैरे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात आणि पगारही बहुधा कमी देतात. माझ्या एजंटने हे विमानतळावर उतरल्यावर सांगितलं. तुम्ही आधीच लेखी घ्या. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध एवढाच, की परमिट शिकवण्याच्या कामाचं असतं. फोटो काढून विकणं हे वेगळं काम झालं. छंद छंदच ठेवा.

आता मोकळीक. पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट. थायलंडमध्ये सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागतं. शाळेत सकाळी आठला झेंडा चढतो, रोज. आपल्यासारखा वर्षातून दोन-तीनदा नाही. सगळी शाळा मैदानावर, पोरं इयत्तेप्रमाणे रांगेत, तिरपं ऊन. मला राहवलं नाही, मी कॅमेरा डोळ्याला लावला. शेजारच्या गणिताच्या बाईंनी माझ्याकडे न बघताच, दोन बोटांनी लेन्स हलकेच खाली केली. काही बोलल्या नाहीत, नंतरही नाही. थायलंडमध्ये तुम्हाला कुणी रागावत नाही, आणि त्यामुळे आपलं काय चुकलं ते कळायला फार वेळ लागतो. म्हणून माझं म्हणणं, पहिला महिनाभर कॅमेरा खोलीत ठेवा. तोपर्यंत गाव तुम्हाला बघून घेतं.

एका बाबतीत मात्र महिनाभर थांबून शिकायची सोय नाही. राजाचं छायाचित्र प्रत्येक वर्गात असतं, नोटांवर असतं. फोटोत त्याची गंमत होईल असं काहीही करायचं नाही. तिथल्या दंडविधानाचं कलम ११२ आहे, एकेका आरोपाला ३ ते १५ वर्षं तुरुंगवास. आणि फोटोसाठी पोराला नीट उभं करताना डोक्याला हात लावू नका. डोकं तिथे पवित्र मानतात.

भाषा थोडी तरी शिका. ‘फोटो काढू का?’ याला थाईत ‘थाय रूप दाय माय?’ म्हणतात. त्यातलं ‘रूप’ आपलंच. बाईने बोलताना शेवटी ‘खा’ लावायचं, पुरुषाने ‘क्रप’. मी व्हिडिओ कॉल चालू असताना शेजारणीशी बोलले की आई इकडून म्हणायची, अगं किती वेळा तिला खा म्हणतेस, वाढ तरी काहीतरी.

विचारलं की नाही कुणी म्हणत नाही, पण पोझ देतात. पोरं तर कॅमेरा दिसला की दोन बोटं वर करून तयार. ‘नुंग, सोंग, साम’ म्हणत एक-दोन-तीन मोजायचं आणि तो फोटो खरंच काढायचा, टाळायचा नाही. तो त्यांचा. मग तिथेच रेंगाळायचं. चार मिनिटांत ती तुम्हाला विसरतात, आणि वेणी घालणं, वहीतून उतरवणं, एकमेकांच्या पाठीवर लिहिणं सुरू होतं. तो तुमचा. लहान पोरांच्या तोंडावर पावडरचे पांढरे फराटे असतात. आपल्याकडे अंघोळीनंतर आई थापते तशीच, फक्त तिथे ती पुसून सारखी करायची कुणाला गरज वाटत नाही. त्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे कॅमेरा फसतो आणि बाकी चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर हाताने थोडं वाढवा.

शाळेत जूनमधल्या एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ असतो. वाय म्हणजे नमस्कार, ख्रू म्हणजे गुरू. पोरं गुडघ्यांवर सरकत येऊन शिक्षकांपुढे फुलांची तबकं ठेवतात. त्या कार्यक्रमाचे फोटो सगळ्यांकडे असतात आणि सगळे सारखे असतात. मला मिळालेला फोटो आदल्या दुपारचा आहे. माझ्या वर्गातल्या सहा-सात मुली शाळेमागच्या मैदानात उकिडव्या बसून काहीतरी खुडत होत्या. जवळ जाऊन बघते तर दूर्वा. तबकात काय-काय लागतं ते त्यांनी मला मोडक्या इंग्रजीत समजावलं: दूर्वा, कारण ती तुडवली तरी पसरते, तसं ज्ञान वाढावं. वांग्याचं फूल, कारण ते खाली मान घालून असतं. इक्झोराचं फूल, कारण कळी सुईसारखी टोकदार, तशी बुद्धी. आणि लाह्या. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या परड्यात मी नेमकी तशीच बसलेली असते. मीही बसले, त्यांना जुडी बांधून दाखवली. फोटोत सगळ्यांचे हातच आहेत, तोंड कुणाचंच नाही. माझा हात ओळखू येत नाही.

हे फोटो मी प्रिंट करून वर्गात लावायला लागले. ‘व्हॉट आर दे डुइंग?’ म्हटलं की पुस्तकातल्या लंडनच्या चित्रावर गप्प बसणारा वर्ग तोंड उघडायचा, कारण चित्रात कॅन्टीनवाली पा, म्हणजे मावशी, असायची. पुढे मी त्यांनाच सांगितलं, मोबाइलवर घरचा एक फोटो काढा आणि पाच वाक्यं लिहा. एका मुलाने बापाच्या चिखलात रुतलेल्या फक्त चपलांचा फोटो काढून आणला. दोन वर्षांत तसा एकही फोटो मला जमला नाही, हे इथे कबूल करते.

प्रिंट देत चला. फेसबुकवर टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आता तर २०२२ पासून तिथे वैयक्तिक माहितीचा कायदाही पूर्णपणे लागू झालाय, पोरांचे चेहरे इंटरनेटवर टाकण्याआधी शाळेला आणि पालकांना विचारा. आठवड्यातून एकदा एक भिक्खू शाळेत शिकवायला येत. पोरांच्या घोळक्यातून चालतानाचा त्यांचा फोटो मी प्रिंट केला आणि हौसेने हातात द्यायला गेले. ते एक पाऊल मागे सरले. मग हसले, झोळीतून रुमालाएवढं कापड काढलं, टेबलावर पसरलं, त्याचं एक टोक धरून उभे राहिले. मी फोटो कापडावर ठेवला, त्यांनी कापडासकट ओढून घेतला. बाईच्या हातून थेट काही घ्यायचं नाही असा त्यांचा नियम, आणि तो मला माहीत असायला हवा होता.

उबोनचा मेणबत्ती उत्सव बघालच. आषाढ पौर्णिमेला लागून असतो, २०१८ मध्ये ती पौर्णिमा आणि आपली गुरुपौर्णिमा दोन्ही २७ जुलैलाच आल्या होत्या. कोरीव मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत ढकलाढकलीशिवाय काही हाती लागत नाही. आधीचे पंधरा दिवस देवळांच्या आवारात मेण कोरायचं काम चालतं, तिथे जा. कुणी हटकत नाही, उलट हातात कोरणी देतात.

वेळेचं विचारलंत म्हणून: शाळा चारला सुटायची, पण मला मिळालेले बहुतेक फोटो सकाळी सहा ते साडेसातमधले आहेत, बाजारातले. तिथे एक याय, म्हणजे आजी, शेपू विकायची. हो, शेपू, इसानमध्ये भरपूर खातात. जमिनीवर केळीची पानं, त्यावर जुड्या, बाजूला बेडकांची टोपली. मी रोज तिचे फोटो काढायचे, ती लक्षही द्यायची नाही. एक दिवस तिने हाताने थांबवलं आणि म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशी रेशमी सिन, म्हणजे तिथलं लुंगीसारखं वस्त्र, नेसून, पांढरा ब्लाउज घालून, केस चोपून बसली होती. ताठ. हसायला तयार नाही. मला वाटलं कुठे लग्नाला चालली असेल. शेजारच्या मासेवालीने सांगितलं, मयताच्या वेळी पेटीपुढे ठेवायला फोटो लागतो, तिच्याकडे एकही बरा नाही.

काढला. मागे टोपल्या, पानं, कोवळं ऊन. मला वाटतं माझा तिथला सगळ्यात चांगला फोटो. मोठा प्रिंट करून दिला. तिने बघितला, मान हलवली आणि मला हाताला धरून फोटोवाल्याच्या दुकानात नेलं. त्याने कॉम्प्युटरवर तिच्यामागचा सगळा बाजार पुसला आणि आकाशी रंग भरला. मग ती खूष झाली. पैसे तिनेच दिले, आणि मला शेपूच्या दोन जुड्या. रात्री मुगाची डाळ घालून भाजी केली.