पॉझिट्रॉनचे प्रकीर्णन की विकिरण?

हेलियम वायूतून जाणारे मंद पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण धनभारित कण) अणूंजवळ दिशा बदलतात, त्या क्रियेला 'विकिरण' म्हणावे की 'प्रकीर्णन', असे एका वाचकाने विचारले आहे. प्रकीर्णनच म्हणावे. हिंदीच्या प्रभावामुळे 'विकिरण' हा शब्द आता सर्रास प्रारणासाठी, म्हणजे ऊर्जा बाहेर फेकली जाण्यासाठी (रेडिएशन), वापरला जातो, आणि पॉझिट्रॉनच्या बाबतीत ही सरमिसळ अक्षम्य आहे; कारण हा कण अणूंवरून विखुरतो, तसाच इलेक्ट्रॉनशी गाठ पडल्यास त्याच्यासह नष्ट होतो आणि बहुधा प्रत्येकी 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा फोटॉन बाहेर पडतात. दोन्ही घटनांना एकच शब्द लावला तर वाचकाने काय समजावे? मराठी विश्वकोशाने 'प्रकीर्णन' आणि 'प्रारण' वेगळे राखले आहेत, ते योग्यच आहे.

खरा आनंद मुळाशी आहे. संस्कृत 'कॄ' म्हणजे उधळणे. प्रकीर्ण, संकीर्ण आणि 'किरण'सुद्धा त्याच धातूचे. पाणिनीने पक्षी या अर्थी 'विष्किर' आणि 'विकिर' अशी दोन्ही रूपे मान्य केली आहेत: पायांनी माती उकरून उधळणारा तो विष्किर. माझ्या मते आपले 'विखुरणे' 'विष्किर' या 'ष्क'युक्त रूपातूनच आले. 'पुष्कर'चे प्राकृतात 'पोक्खर' झाले, तसाच येथेही 'ष्क'चा 'क्ख' झाला. म्हणून या क्रियापदाला बोलीतले आणि शास्त्राला अपुरे ठरवणाऱ्या जाणकारांचे मत मला मुळीच मान्य नाही. एकटा कण कसा विखुरेल, हा त्यांचा आक्षेप प्रयोगाकडे न पाहता घेतलेला आहे. प्रयोगात कणांची शलाका वायूतून पाठवतात आणि तिच्यातून किती कण गळाले, हेच मोजतात.

हेलियममध्ये अणुकेंद्राचा धनभार पॉझिट्रॉनला दूर लोटतो, तर त्याच्या सान्निध्याने ध्रुवित झालेला, म्हणजे त्याच्याकडे किंचित सरकलेला, इलेक्ट्रॉनमेघ त्याला ओढतो. सुमारे 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला या दोन्ही परिणामांची बरीचशी वजावट होते आणि विखुरणे अगदी कमी होते. इलेक्ट्रॉनसाठी मात्र ही दोन्ही बले आकर्षकच असतात, आणि हेलियममध्ये त्याच्या बाबतीत असा तळ दिसत नाही. पुढे 17.8 इलेक्ट्रॉनव्होल्टपासून पॉझिट्रॉन अणूतला एक इलेक्ट्रॉन सोबत घेऊन पॉझिट्रोनियम बनवू शकतो. ती गळती मात्र विखुरण्यात धरू नये; तिला 'पॉझिट्रोनियमनिर्मिती' असेच म्हणावे.